पाच इंचांचा हिशेब

बोटीचं इंजिन बाहेरदेशातून आणायचं ठरवलेला माणूस माझ्याकडे येतो तेव्हा त्याच्या मोबाईलमध्ये दोन किमती तयार असतात. इथली आणि तिथली. दोन्हींतला फरक दाखवताना त्याचा चेहरा खुललेला असतो. मी एवढंच विचारतो, ‘शाफ्ट शॉर्ट की लाँग?’ मग तो मोबाईल वर-खाली करून शोधायला लागतो.

मी बिदर जिल्ह्यातल्या भालकीचा. धंदा पंपसेट, डिझेल इंजिनं आणि बोअरच्या मोटारींचा. ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला अडकवायचं इंजिन, हे काम त्यातूनच वाढत गेलं. बिदर-कलबुर्गीकडे समुद्र कुठल्याच बाजूला नाही. पण कारंजा धरणाचं पाणी आहे, मांजरा आहे, खाली भीमा आणि तिच्यावरचे बंधारे आहेत. इथला भोई नाहीतर कोळी थर्माकोलच्या तराफ्यावर, ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकतो, त्याला इंजिनाची गरज नाही. गरज पडते ती तळ्यात बोटिंग चालवणाऱ्याला, मोठ्या ठेकेदाराला आणि पुराच्या दिवसांत सगळ्यांनाच.

तर शाफ्ट. शॉर्ट म्हणजे 15 इंच, लाँग म्हणजे 20. मधल्या पाच इंचांवर सगळं अवलंबून असतं. बोटीच्या मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत टेप धरायची, जे माप येईल त्या मापाचा शाफ्ट घ्यायचा. प्रोपेलरच्या वर एक आडवी पत्र्यासारखी पट्टी असते. इंजिन बसवल्यावर ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली यायला हवी. आखातात आणि किनाऱ्यावर बोटी उंच फळीच्या, त्यामुळे तिथे वापरलेलं इंजिन स्वस्तात मिळतं ते बहुतेक लाँग शाफ्टचं. आमच्या सपाट, बुटक्या बोटीला ते लावलं की प्रोपेलर पाच इंच जास्त खाली जातो. पावसाळ्यात चालून जातं. मार्चनंतर पाणी उतरलं की काळ्या खडकावर पाती खणाखण वाजतात. मग फळीवर सागवानी ठोकळा ठोकून इंजिन वर घ्यायचं. पण इंजिन वर घेतलं की वजनही वर जातं, आणि वळताना बोट एका अंगाला कलते.

एक पोरगा दुबईहून आला होता, नात्यातलाच. म्हणाला, ‘मामा, तिथं निम्म्यात भेटला, घेऊन टाकलो.’ कार्गोवाल्याकडून मागाहून इंजिन आलं. पेट्रोल प्यालेलं इंजिन विमानात सामान म्हणून घेत नाहीत, बोटीनंच यावं लागतं. रंग झकास, स्टिकर नवे. मी खालचा गिअरकेस सोडवायला घेतला तर पाचातले तीन बोल्ट हलेनात. अॅल्युमिनियमच्या अंगात स्टीलचा बोल्ट आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे दोन्ही धातू एकमेकांना चिकटून एकजीव होतात. जोर लावला तर बोल्टाचं डोकं तुटून हातात येतं. म्हणून जोर लावायचाच नाही. आधी गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवायचं. सकाळी गॅसच्या ज्योतीनं भोवतालचं अॅल्युमिनियम तापवायचं, बोल्ट नव्हे. मग छोट्या हातोडीनं बोल्टाच्या डोक्यावर टकटक करायचं, कानाला आवाज बदललेला कळेपर्यंत. बदलला की पाना उलट्या दिशेला नाही, आधी सुलट्या दिशेला किंचित द्यायचा, मग सोडवायचा. असे तीन बोल्ट निघायला सगळी सकाळ गेली.

आत इंपेलर होता, रबराच्या पात्यांचा. हाच पाणी ओढून इंजिन थंड ठेवतो. त्याच्या पात्या वाकून ताठ झाल्या होत्या आणि पाण्याच्या वाटांमध्ये मिठाचा थर बसला होता. इंजिन चालू असताना मागच्या बाजूला पाण्याची बारीक धार उडायला हवी. ती धार क्षीण झाली की इंजिन तापतंय समजायचं. इंपेलर स्वस्त असतो, पण बिदरमध्ये मिळत नाही. हैदराबादला शोधावा लागतो, नाहीतर मुंबई, गोवा, कोचीकडून मागवावा लागतो. मॉडेल आपल्याकडे विकलंच गेलं नसेल तर दुबईच्याच कुणाला तरी सांगा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पोराला मी हे बोललो नाही, बिलात आपोआप दिसलं.

आणि इथल्या पाण्याचंही ऐका. भीमेच्या पाण्यात मीठ नाही, पण काळ्या मातीचा गाळ आणि बारीक वाळू असते. ती रबराच्या पात्या खाते. समुद्रात जो इंपेलर हंगामभर टिकेल तो पुराच्या पाण्यात लवकर झिजतो. पुराला निघणाऱ्या प्रत्येक इंजिनाबरोबर एक जास्तीचा इंपेलर, प्रोपेलरच्या दोन-चार पिना आणि स्पार्क प्लग डब्यात हवेतच. ऑक्टोबर 2020 मध्ये वर महाराष्ट्रात धरणांचे दरवाजे उघडले आणि अफझलपूरपासून खाली भीमाकाठची गावं पाण्यात गेली, तेव्हा एनडीआरएफ आणि लष्कराला बोलवावं लागलं. गाणगापूरचा संगम तुम्ही दर्शनाला पाहिला असेल. त्या संगमावरची भीमा फुगली की झाडाच्या फांद्या, विजेच्या तारा, कडब्याच्या पेंढ्या घेऊन येते. कडबा प्रोपेलरला गुंडाळला की पीन तुटते. तुटायलाच हवी, नाहीतर गिअर तुटेल. पीन घरातून नेलेली असेल तर दोन मिनिटांचं काम, नसेल तर धारेत वल्ह्यावर राहायचं.

आता पैशाचं. लोकांना वाटतं, तिथली किंमत अधिक भाडं, झालं. तसं नसतं. कस्टम ड्यूटी मालाच्या किमतीवर नाही, किंमत, जहाजभाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. समजा ती बेरीज 1,00,000 झाली आणि मूळ ड्यूटी 10 टक्के धरली, तर 10,000. त्या ड्यूटीवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, 1,000. मग या सगळ्या 1,11,000 वर आयजीएसटी, 18 टक्के धरा, 19,980. बंदरातून बाहेर पडताना आकडा 1,30,980. वर क्लिअरिंग एजंट, बंदरातून इथपर्यंतचा ट्रक, आणि कागद अडला तर रोजचं भाडं. जीएसटी नंबर असलेल्याला शेवटचा कर वळता करून घेता येतो, हौशी माणसाला नाही. धंद्यासाठी आणायचं तर आयात-निर्यात कोडही काढावा लागतो. पूर्वी परदेशातून कुणी 5,000 रुपयांपर्यंतची भेट पाठवली तर ड्यूटी लागत नसे, ती सवलत डिसेंबर 2019 मध्ये गेली.

सरहद्दीवरच्या माणसाला हा हिशेब नवा नाही. निजामाच्या राज्यात आमच्याकडच्यांना सोलापूर हाच परमुलूख होता. तिथे इंग्रजांचा कलदार रुपया चालायचा, इकडे निजामाचा हाली, सहा कलदारला सात हाली असा भाव. सोलापुरातून माल आणताना नाक्यावर करोडगिरी, म्हणजे निजामाची जकात, भरायची, आणि जुनी माणसं भाव विचारताना नाक्याच्या अलीकडचा की पलीकडचा हे आधी विचारायची. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हा बिदर जिल्ह्यातच. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत ते तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो, आणि उदगीरचा बाजार एका रात्रीत दुसऱ्या राज्यातला झाला. पुढे विक्रीकर, तिकडची जकात, चेकपोस्ट. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि दोन राज्यांतला कराचा फरक उरला नाही. तरी आम्ही उदगीरला जातोच, कारण दुकानदार ओळखीचा असतो, उधारी देतो आणि न बसणारा पार्ट परत घेतो.

म्हणून बाहेरून काहीच आणू नका असं माझं म्हणणं नाही. हलकं, महाग आणि न बिघडणारं ते खुशाल आणा. चांगली गळाची दोरी, रील, स्टेनलेसच्या पिना, मापाचे पाने. फुगवायची बोट मात्र बघून घ्या. स्वस्तातल्या बोटी पीव्हीसीच्या असतात, जोडांना गोंद लावलेल्या. कलबुर्गीचा मे महिना त्या गोंदाला माहीत नसतो. पत्र्याच्या शेडमध्ये घडी करून ठेवलेली बोट जूनमध्ये उघडली की शिवणीवरून सालपटं निघतात. शिवण वेल्डिंगची असेल तर गोष्ट वेगळी. हायपॅलॉनच्या कापडाची बोट ऊन सोसते, पण तिची किंमतही तशीच.

लाइफ जॅकेट मी बाहेरून आणू देत नाही. 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, काठाजवळ. माणूस बेशुद्ध पडला तर तोंड वर ठेवायचं काम ते करत नाही, त्याला किमान 100 लागतं. ऑनलाइन फोटोत दोन्ही नारिंगीच दिसतात.

वस्तू परकी असली तरी ती आतून माहीत हवी. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात ‘म्हादेई’ ही शिडाची बोट बांधली गेली तेव्हा आराखडा डच होता, सांगाडा तिथेच उभा राहिला. 2009-10 मध्ये ती घेऊन एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे दिलीप दोंदे बांधणीच्या काळात यार्डात होते. आराखडा परका असला तरी बोटीच्या पोटात कुठे काय आहे हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या तळ्यातल्या माणसालाही तेवढंच लागतं, लहान मापात.

दुबईवाल्या पोराचं इंजिन अजून चालतं. त्याची बोट मी बदलायला लावली, फळी वीस इंचांची केली. पुढच्या खेपेला सुट्टीवर यायच्या आधी त्यानं फोन केला, म्हणाला, ‘मामा, काय आणू सांगा.’ मी त्याला जुन्या इंपेलरवरचा पार्ट नंबर वाचून दाखवला, आकडा-आकडा, आणि सांगितलं, दोन आण, पण ओरिजिनल.