खुबा, ताप आणि म्हैसूर : काही टिपणे

● म्हाताऱ्या माणसांचा खुबा बहुतेक वेळा घरातच मोडतो. पलंगावरून उठताना, न्हाणीच्या उंबऱ्यापाशी. म्हैसूरच्या जुन्या घरांतली लाल ऑक्साईडची घोटीव जमीन ओली झाली की पाय ठरत नाही.

● पडल्यावर पाय आखूड दिसला, पाऊल बाहेर वळलं, टाच उचलवेना, तर खुबा मोडला असं समजून चालावं. उभं करू नये, तेल चोळू नये, थेट हॉस्पिटल गाठावं.

● पडण्याआधी ताप होता का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. फ्लू, डेंग्यू, कोविड, कशानेही अंगातलं पाणी कमी होतं, रात्री लघवीला उठताना रक्तदाब उतरतो आणि तोल जातो.

● 2020 च्या लॉकडाऊनमध्ये रस्ते ओस पडले, अपघात घटले. खुब्याचे रुग्ण येतच राहिले. स्कॉटलंडमधल्या त्या वसंतातल्या पाहणीत कोविड असलेल्या अशा रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश 30 दिवसांत दगावले. कोविड नसलेल्यांपैकी साधारण बारातला एक.

● एवढा फरक का? खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतो. छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात. कोविड नेमका फुप्फुसांवर आणि रक्त गोठण्यावर घाव घालतो. दोन्ही संकटं एकाच जागी भेटतात.

● म्हणून निव्वळ रिपोर्ट पॉझिटिव्ह आला एवढ्यावर ऑपरेशन लांबवणं चूक. ब्रिटनची मार्गदर्शक सूचना दाखल झाल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करा, असं सांगते. ऑक्सिजन फार खाली असेल तर आधी तो सावरावा लागतो. पण रॉड बसला किंवा बॉल बदलला की दुखणं कमी होतं, रुग्णाला उठून बसवता येतं आणि छाती मोकळी राहते.

● आयसोलेशन वॉर्डात म्हातारी माणसं भ्रमिष्टासारखी बोलू लागतात. जन्मभर घरात मराठी बोललेल्या म्हैसूरच्या आजीला मास्कआडून कानडी ऐकू येतं, तेही अर्धवट. तिचा चष्मा, कानाचं यंत्र आणि घरच्यांचा फोनवरचा आवाज ही औषधाइतकीच गरज.

● म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या होल्ड्सवर्थ मेमोरियल या मिशन हॉस्पिटलने 1934 पासून बाळांचं जन्मवजन वह्यांत टिपून ठेवलं. त्या वह्यांवरून पुढे मधुमेह आणि हृदयविकारावर मोलाचं संशोधन झालं. त्यातली सर्वांत आधीची बाळं आज नव्वदीत आहेत, खुबा मोडण्याच्या वयात. खुब्याच्याही अशाच नोंदी हव्यात. ब्रिटनमध्ये 2007 पासून खुब्याच्या रुग्णांची राष्ट्रीय नोंदवही आहे. आपल्याकडेही प्रत्येक जिल्ह्यात ती हवी : कधी पडले, ताप होता का, ऑपरेशन किती तासांनी, महिन्याने चालतात का.

● तोवर घरच्यांनी एवढं करावं. न्हाणीत धरायला दांडा बसवा, रात्री दिवा चालू ठेवा, फ्लूची लस द्या. घरातल्या आजी-आजोबांना ताप आला तर त्यांना रात्री एकट्याने उठू देऊ नका.