ओंजळीतला मासा

यंदा चैत्रात नातवास घेऊन आम्ही सीताबर्डीहून अंबाझरीच्या तलावावर गेलो. काठी एक वृद्ध ढिवर गळ टाकून बसला होता. त्यास हिंसेविषयी चार शब्द ऐकविल्यावाचून आम्हांस राहवेना. तो नम्रपणे म्हणाला, "गुरुजी, रोहू साचल्या पाण्यात अंडी घालत नाही. पावसाळ्यात बीज आणून सोडतो, तेव्हा चैत्रात मासा दिसतो."

ते खरेच होते. १९५७ च्या जुलैत हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून अंडी घालविली. तोवर बीज बहुधा नदीतूनच आणीत.

शतपथ ब्राह्मणातील मनूने ओंजळीतला मासा वाढविला, ही कथा आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगितली.

"आजोबा, आपण किती मासे वाढविले?" नातवाने पुसले.

आम्ही निरुत्तर झालो. ढिवराची क्षमा मागूनच परतलो.