फोनची टोपली माझ्याकडे होती

उपवासकाळात तरुणांसाठी होणाऱ्या एक दिवसाच्या रिट्रीटविषयी माझं मत फार वर्षांपूर्वीच ठरून गेलं होतं: तो रडण्याचा कार्यक्रम असतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाढलेल्या कुणाही कॅथलिक माणसाला त्याचा साचा पाठ असतो. सकाळी गिटार आणि भक्तिगीतं, मग बाहेरून बोलावलेल्या फादरांचं जोरकस बोलणं. दुपारी हॉलचे पडदे ओढायचे, एक मेणबत्ती लावायची आणि आईवडिलांचे कष्ट आठवायला सांगायचे. अर्धा हॉल हुंदके देतो. संध्याकाळी मिस्सा, ग्रुप फोटो. सोमवारी सगळे विरार लोकलच्या दारात, जसेच्या तसे.

हे मी नुसत्या ऐकिवावर बोलत नव्हतो. विशीत मीही त्या अंधाऱ्या हॉलमध्ये ढसाढसा रडलो होतो आणि आठवड्याच्या आत सगळं विसरलोही होतो. त्या विसरण्याची लाज वाटायची. पण ती स्वतःकडे घेण्यापेक्षा रिट्रीटच्या माथी मारणं सोपं होतं. शिवाय चार शिकलेल्या लोकांत असं बोललं की आपण आंधळे भाविक नाही, हेही परस्पर सिद्ध व्हायचं.

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातल्या यूथच्या मुलांना मदतीला माणसं कमी पडत होती. घरातून रेटा आला म्हणून गेलो. काम मिळालं फोन गोळा करायचं. भाजीची एक रिकामी टोपली, प्रत्येक फोनवर नावाची चिठ्ठी, आणि सक्त ताकीद: मिस्सा संपेपर्यंत कुणालाही फोन द्यायचा नाही. काम मला आवडलं. आत न बसता बाहेर खुर्ची टाकून सगळ्यावर मनातल्या मनात शेरे मारता येत होते.

दुपारचा अंधार, मेणबत्ती, हुंदके सगळं अपेक्षेबरहुकूम झालं. त्यानंतर मुलांना एकेक झेरॉक्स दिली. दहा आज्ञांवर आधारलेले प्रश्न होते: कुणाची वस्तू घेतली का, कुणाविषयी खोटं पसरवलं का. तासभर कुणाशी न बोलता तो कागद वाचायचा आणि मग पापनिवेदनाला जायचं. आवाराच्या चार कोपऱ्यांत चार फादर खुर्च्यांवर बसले होते. मला तो तास म्हणजे कार्यक्रमातली भरती वाटली. गिटार नाही, मेणबत्ती नाही, डोळे पुसणारं कुणी नाही. पोरं कागदाकडे बघत होती, मधेच मुंग्यांकडे.

तेवढ्यात पापनिवेदन करून आलेला एक मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. म्हणाला, ‘अंकल, माझा फोन पाहिजे.’

मी म्हटलं, ‘मिस्सेनंतर.’

‘आत्ता पाहिजे. एकाला फोन करायचाय.’

मला हसू आलं. सकाळपासून मी याचीच वाट बघत होतो. म्हटलं, ‘एवढं काय अडलंय? दोन तास थांबवत नाही?’

त्याने मान खाली घातली. हातातल्या कागदाची घडी घालून घालून त्याने ती बोटाएवढी केली होती. म्हणाला, ‘दोन तासांनी माझी हिंमत राहणार नाही.’

तरीही मी नियमच सांगितला. हे लिहिताना अजून संकोच वाटतो: त्याच्या चेहऱ्यावर सगळं दिसत असताना मी टोपलीवर हात ठेवून बसलो होतो. तो हलला नाही. शेवटी, कटकट नको म्हणून, फोन काढून दिला.

तो पंपाच्या खोलीपाशी गेला, पण फार लांब गेला नाही. नको म्हणूनही मला ऐकू आलं. ‘ते पैसे मी घेतले होते. तुझ्यावर आलं तेव्हा मी गप्प बसलो.’ मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. परत आला, फोन टोपलीत ठेवला, चिठ्ठी नीट लावली. माझ्याच्याने राहवलं नाही. विचारलं, ‘काय म्हणाला?’

‘शिव्या घातल्या,’ तो म्हणाला आणि दिलेलं प्रायश्चित्त म्हणायला चर्चमध्ये गेला.

डोळ्यांत पाणी नाही, चेहऱ्यावर शांतीबिंती नाही. आणि मी ज्याला वर्षानुवर्षं नाटक म्हणत आलो, त्यातून माझ्या डोळ्यांदेखत एका निरपराध पोराचं नाव मोकळं झालं होतं.

चर्चची शिकवण तशी मला तोंडपाठ होती. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट आहे की क्षमेने पाप जातं, पण झालेलं नुकसान आपोआप भरून येत नाही. चोरलेलं परत करायला हवं, ज्याची बदनामी केली त्याचं नाव धुऊन द्यायला हवं. मी ते परीक्षेच्या उत्तरासारखं पाठ केलं होतं. त्या मुलाने ते करून दाखवलं. रिट्रीटचे आश्रयदाते मानले जाणारे संत इग्नेशियस यांची ‘आध्यात्मिक साधना’ही मी नंतर उघडली. 1548 मध्ये पोपची मान्यता मिळालेलं ते छोटं पुस्तक. मला वाटलं होतं, भावना चेतवायच्या युक्त्या सापडतील. सापडली ती मार्गदर्शकाला दिलेली ताकीद: तराजूच्या काट्यासारखं मधे राहा, देव आणि तो माणूस यांच्यामध्ये लुडबुड करू नका. त्या दुपारी लुडबुड करणारा एकटा मीच होतो.

आणि माझं काय? वाडीच्या बांधावरून माझा सख्ख्या भावाशी अबोला आहे. एकाच मिस्सेला आम्ही दोघं जातो आणि एकमेकांना शांती द्यायची वेळ आली की दोघंही दुसरीकडे वळतो. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं हा नियम 1215 पासूनचा. मी तो कधी मोडला नाही. दर उपवासकाळात राग, खोटं, चुकलेली मिस्सा एवढं सांगून उठायचो. भावाचा विषय काढला नाही, कारण ते त्याचं पाप होतं, असं मी धरूनच चाललो होतो. मग साचा कुणाचा होता? रिट्रीटचा, की माझा?

ईस्टरच्या आधी भावाकडे गेलो. वाद मिटलेला नाही. मोजणी व्हायची आहे आणि ती माझ्या बाजूने होईल असं मला अजूनही वाटतं. पण त्याच्या बायकोविषयी मी गावात जे बोललो होतो, ते खोटं होतं, एवढं त्याच्या तोंडावर सांगून आलो. त्याने चहा विचारला नाही.

अंधाऱ्या हॉलविषयीचं माझं मत मात्र फारसं बदललेलं नाही. यंदाच्या तयारीच्या बैठकीत मी दोन सूचना मांडल्या: तो कार्यक्रम छोटा करून कागदाचा तास वाढवावा, आणि पापनिवेदन करून आलेल्याने फोन मागितला तर कारण न विचारता द्यावा. पहिली सूचना मुलांनीच हाणून पाडली. रडल्याशिवाय काहींना रांगेत उभं राहायचा धीर होत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही. दुसरी मान्य झाली.