टोपणनाव

पारशिवनीत सायंप्रार्थनेनंतर खंजिरी वाजू लागते, भजन रंगतं, शेवटचं कडवं येतं आणि त्यात 'तुकड्या' हजर होतो. मोठ्यांना त्याची ओळख सांगावी लागत नाही. एखादं पोर मात्र कोपराने ढोसून विचारतं, "आबाजी, हा तुकड्या कोन आहे जी?"

हा प्रश्न ऐकून टोपणनाव खूश होत असणार. स्वभावाने ते खेळकर. दाराआड लपतं आणि धोतराचा सोगा मुद्दाम बाहेर ठेवतं. ओळखलं जावं ही त्याची मनापासूनची इच्छा; ओळखणाऱ्याने थोडं डोकं चालवावं एवढंच त्याचं मागणं.

घराणं जुनं आहे. अभंगाच्या शेवटी संत आपली नाममुद्रा ठेवत, तिथपासूनचं. एकनाथांनी 'एका जनार्दनी' लिहिलं. त्यात स्वतःचं नाव अर्धं आणि गुरूंचं, देवगिरीच्या जनार्दनस्वामींचं, पुरतं. मराठी टोपणनावाची सगळी रीत मला या दोन शब्दांत दिसते. धन्याचं नाव ते आखडून घेतं आणि ज्याचं ऋण आहे त्याचं मिरवतं.

विदर्भात तर दोन माणिकांनी आपलं नाव उतरवून ठेवलं. पहिले यावलीचे, जन्म १९०९. भिक्षेतल्या भाकरीच्या तुकड्यांवर राहणारा म्हणून गुरू आडकोजी महाराजांनी त्यांना तुकड्या म्हटलं, असं सांगतात. रत्नाचं नाव गेलं, तुकडा राहिला. पुढे लोकांनी राष्ट्रसंत म्हटलं, ग्रामगीता घरोघर पोचली, तरी ओवीत तुकड्यादासच. दुसरे नागपूरचे माणिक गोडघाटे, जन्म १९३७. त्यांनी इन्ग्रिड बर्गमनच्या चित्रपटातून 'ग्रेस' हा शब्द उचलला आणि आयुष्यभर तोच धरून ठेवला. एकाच मुलखातली, एकाच नावाची दोन माणसं; एकाने भाकरीचा शब्द घेतला, दुसऱ्याने परभाषेतला. दोघांनाही आईबापांनी दिलेलं नाव पुरेना, याचं मला अजून नवल वाटतं.

पारशिवनीहून पश्चिमेला गेलं की सावनेर. तिथे २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी गेले, अवघे तेहतीस वर्षांचे. शब्दांवर कोट्या करण्यात हा माणूस अजोड, पण कवितेखाली सही करताना त्यांनी सगळी चलाखी बाजूला ठेवली. 'गोविंदाग्रज'. फोड करा: गोविंद आणि अग्रज, म्हणजे गोविंदाचा थोरला भाऊ. विनोदाला त्यांनी 'बाळकराम' हे वेगळं नाव दिलं. कवितेला मात्र धाकट्या भावाचं. वि. वा. शिरवाडकरांनी पुढे हीच वाट धरली आणि धाकटी बहीण कुसुम हिचे थोरले भाऊ, कुसुमाग्रज झाले. त्याआधी कृष्णाजी केशव दामले केशवसुत झाले होते. प्रल्हाद केशव अत्र्यांच्याही वडिलांचं नाव केशवच. त्यांनी विडंबनासाठी 'केशवकुमार' घेतलं.

सगळ्यांत देखणी फोड नागपूरच्याच एका जोडप्याची. आत्माराम रावजी देशपांडे म्हणजे कवी अनिल आणि समीक्षक, कथाकार कुसुमावती देशपांडे. लग्नाआधीच्या त्यांच्या पत्रांचं पुस्तक निघालं १९७२ साली, त्याचं नाव 'कुसुमानिल'. कुसुममधला शेवटचा अ आणि अनिलमधला पहिला अ मिळून एक आ होतो. त्या आ मधला कुठला वाटा तिचा आणि कुठला त्याचा, हे कुठल्याही वैयाकरणाला सांगता यायचं नाही. पुस्तक निघालं तेव्हा कुसुमावतींना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

कधीकधी मात्र टोपणनावाला खेळ सोडून पहारा द्यावा लागतो. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातलं इतकं उघड लिहिणारी ही कोण, म्हणून महाराष्ट्रात वादळ उठलं. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. तेव्हा ते नाव मधे उभं राहिलं नसतं, तर सगळे घाव थेट बाईवर पडले असते. त्या नावाचे उपकार मराठी वाचकाने विसरू नयेत.

म्हणूनच कवीच्या परिचयात टोपणनावाला लागूनच खरं नाव छापलेलं दिसलं की मला हळहळ वाटते. कोड्याचं उत्तर कोड्याच्या शेजारी! मुलांना निदान एक तास तरी झुंजू द्यावं. मी नववीच्या वर्गात हे करून पाहिलं. फळ्यावर नुसतं 'कुसुमाग्रज' लिहिलं, 'अग्रज'चा अर्थ सांगितला आणि थांबलो. कुसुम ही बहीण असणार, हे मागच्या बाकावरून आलं. मग म्हटलं, आता आपापलं करा.

बराच वेळ वह्यांवर माना वाकलेल्या. पेंचकाठच्या खेड्यातून येणाऱ्या एका मुलीने फळ्यावर लिहिलं, 'रोहिताग्रजा'. वर्गाने फोड केली: रोहितची थोरली बहीण. एकाने विचारलं, "पन यात तुहं नाव कुठं आहे?"

"थे तुमी वळखा," ती म्हणाली आणि खडू ठेवून जागेवर गेली.