होल्याची शुश्रूषा

शुक्रवारची दुपार. शब्बाथसाठी नारळाचे दूध काढीत होते, इतक्यात बाल्कनीच्या काचेवर धप्पकन आवाज झाला. जाऊन पाहते तो खाली एक होला पडलेला. चोच उघडी, डावा पंख लोंबत होता. पुण्यास रास्ता पेठेत आमच्या कौलांवर घुमत असे तोच हा तपकिरी होला. इथे इस्राएलात त्याला त्सोत्सेलेत म्हणतात. समोरच्या झाडाचे प्रतिबिंब काचेत पडते आणि बिचाऱ्या पाखरांना ते झाडच वाटते.

सारा जन्म वॉर्डात गेला, त्यामुळे हात आपोआप चालू लागले. पूर्वी बरगडी मोडलेल्या माणसाला बांधीत असू तशी मी पंखासकट अंगाभोवती घट्ट पट्टी गुंडाळली. मिनिटभरात होला धापा टाकू लागला, शेपटी वरखाली होऊ लागली. माझ्या पोटात धस्स झाले. चटकन पट्टी कापली, तेव्हा कुठे त्याचा श्वास ताळ्यावर आला. नातू चमच्यात पाणी घेऊन उभा होता. त्याला मात्र मी अडवले. अर्धवट शुद्धीतल्या रोग्याच्या तोंडात पाणी घालू नये, हे माणसाला लागू तसेच पाखरालाही.

बुटांच्या खोक्याला भोके पाडली, आत जुना टॉवेल घातला आणि होल्याला अंधाऱ्या खोलीत ठेवले. दवाखाना आता रविवारीच उघडणार. संध्याकाळी शेजारच्या मावशी म्हणाल्या, “अगं, शब्बाथला जनावराला हात लावू नये, ते मुक्त्से आहे.” मी म्हटले, “मावशी, मुक्या जिवाचे दुःख हलके करायलाही आपल्याच धर्माने सांगितले आहे ना?” त्या काही बोलल्या नाहीत. सकाळी मात्र बाजरीची वाटी त्यांनीच आणून दिली!

रविवारी डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. खांद्याजवळचे हाड तडकले होते. अंगाचे तापमान 41 अंशांच्या आसपास. माणसाला असते तर मी बर्फ मागवला असता, पण पाखराचे ते नेहमीचेच. पट्टीचे सांगताच त्या म्हणाल्या, “पाखराला आपल्यासारखा छातीखालचा पडदा नसतो. छातीचे हाड हलते म्हणून श्वास चालतो. ते आवळले की गुदमरणारच.” इतकी वर्षे नर्स असून मला हे ठाऊक नव्हते. फार ओशाळले.

या देशात 1955 च्या कायद्याप्रमाणे रानचे पाखरू परवानगीवाचून घरी ठेवता येत नाही. डॉक्टरीणबाईंनीच फोन करून विचारले आणि तीन आठवड्यांची मुभा मिळाली. औषध म्हणाल तर लहान पिंजरा आणि विश्रांती. ज्वारी, बाजरी, पाणी ठेवायचे आणि दूर व्हायचे. होला चोच पाण्यात बुडवून, मान वर न करता घटाघटा पितो, हे दाराच्या फटीतून पाहिले.

अवघड गेले ते गप्प राहणे. रोग्याशी दोन शब्द बोलावे, कपाळावर हात ठेवावा, हीच माझी सवय. पण रानच्या पाखराला आपला हात म्हणजे मांजराचा पंजा. नातवाने त्याचे नाव मोती ठेवले होते आणि तो रोज विचारी, “आजी, आपण पाळू या ना?” मी म्हणे, “बरा झालेला रोगी कोणी वॉर्डात ठेवतो का?” तो रुसून बसे. खरे म्हणजे माझेही मन होत नव्हते.

तीन आठवड्यांनी खोली बंद करून पिंजरा उघडला. पहिल्या दिवशी तो टेबलापर्यंतच पोचला. पाचव्या दिवशी जमिनीवरून थेट कपाटावर, दोन्ही पंख सारखे मारीत गेला. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “आता सोडा.” दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत पिंजऱ्याचे दार उघडले. बराच वेळ तो तिथेच बसला. नातवाने माझा हात घट्ट धरला होता. मग फडफड झाली आणि होला झाडात शिरला. त्याने मागे वळूनही पाहिले नाही.

त्या दुपारी आम्ही दोघांनी काचेला बाहेरून चार-चार बोटांवर पांढऱ्या कागदी पट्ट्या चिकटवल्या. आमचे हे म्हणतात, घराची शोभा गेली. जाऊ दे.