दिवेलागणीपर्यंत

मे महिन्यात आमचा मुक्काम टेकडीवर असे. करवंदांच्या जाळीत हात घालायचा, काट्यांनी ओरखडे उठायचे, चिकाने बोटं एकमेकांना चिकटायची. करवंद फोडण्याआधी समोरच्याला विचारायचं, ‘कोंबडा की कोंबडी?’ आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हरणाऱ्याने आपलं करवंद द्यायचं. कुठल्या जाळीची करवंदं गोड, हे घरातल्या मोठ्यांना ठाऊक नसे, आम्हाला असे. जूनमध्ये पहिल्या सरी पडल्या की माळावर मृगाचे किडे निघत. लालभडक मखमल; बोट लागलं की पाय पोटाशी घेऊन गप्प पडायचे. घरच्यांची अट एकच, दिवेलागणीला घरात हवं.

टेकड्या आजही आहेत. पुण्यातली वेताळ टेकडी, हनुमान टेकडी लोकांनी झगडून राखली. पण तिथे सकाळी भेटतात ते बहुतेक माझ्या वयाचे. पोरं त्या वेळी शाळेच्या बसमध्ये असतात. नंतर क्लास, नंतर मोबाइल. आईबापांना दोष देववत नाही. रस्त्यावरची वाहनं बघितली की माझ्याही पोटात गोळा येतो.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्या वर्गात चष्मेवाला एखादाच असे. आज सोसायटीत खाली उतरलं की चष्मेच चष्मे. बाहेरच्या लख्ख उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामाइन स्रवतं आणि त्यामुळे डोळ्याचा गोल लांबट होऊन लांबचं अंधुक दिसण्याला आळा बसतो, असं संशोधक मानतात. घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स भरतो, झाडाच्या सावलीतला हजारांत जातो. तैवानने 2010 पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढायचा कार्यक्रम हाती घेतला आणि वर्षानुवर्षं वाढत गेलेलं अधू नजरेचं प्रमाण उतरू लागलं. आमच्या आयांना यातलं काही माहीत नव्हतं. ‘उन्हात काळा पडशील’ म्हणून त्या ओरडायच्या, पण दाराला कडी लावत नसत.

आणि डोळे तर फक्त मोजता येतात म्हणून सांगितले. झाडावर अडकल्यावर रडू आवरून खालची फांदी पायाने चाचपणं, भांडलेल्या मित्राशी पंचाशिवाय समेट करणं, हे आम्ही तिथेच शिकलो. कुठल्याही शिबिराच्या फीमध्ये ते मिळत नाही.

म्हणून नव्या आईबापांना विनंती आहे. आठवड्यातला एक क्लास कमी करा, पोरांना टेकडीवर न्या, आणि तिथे गेल्यावर काही शिकवू नका.