चक्षुःश्रवा

वर्गांत अमरकोश शिकवितांना ‘चक्षुःश्रवा’ हा सर्पवाचक शब्द आला कीं मला विशेष स्फुरण चढत असे. “डोळे हेच ज्याचे कान, तो! सापाजवळ नगारा वाजवा, त्याला पत्ता लागणार नाहीं,” असें मीं बत्तीस वर्षें विद्यार्थ्यांस सांगितलें. त्यांतील चूक मला कळली ती सेवानिवृत्तीनंतर, आणि तीहि आठ वर्षांच्या नातवासमक्ष.

दिवाळीच्या सुटींत त्याला घेऊन मी एका प्राणिसंग्रहालयांत गेलों होतों. सर्पालयांत काचेमागें एक नाग वेटोळें घालून निश्चल पडला होता. “आजोबा, हा जिवंत आहे का?” नातवानें विचारलें. मीं काठीच्या टोकानें काचेवर तीनदां ठोकलें. नाग उसळला, फणा काढून काचेवर आदळला आणि मागील कोपऱ्यांत सरकून वेटोळ्यांत तोंड लपवून बसला.

“पण त्याला ऐकूं येत नाहीं ना?” नातू म्हणाला. मजजवळ उत्तर नव्हतें. जवळचा रखवालदार शांतपणें म्हणाला, “आजोबा, रविवारीं असे शेकडों लोक येतात. आपण एकदांच ठोकतां. त्याला दिवसभर सोसावें लागतें.”

घरीं येऊन मीं प्राणिशास्त्राचीं पुस्तकें चाळलीं. सापाला बाह्यकर्ण नसतो, कानाचा पडदाहि नसतो. परंतु अंतःकर्ण असतो. जमिनीचीं कंपनें जबड्याच्या हाडांवाटे तेथवर पोंचतात, आणि खर्जांतले कांहीं आवाज हवेंतूनहि त्याला जाणवतात. उलट, डोळ्यांवर त्याला हलणारी पापणी नाहीं. आहे तो एक पारदर्शक खवला. गर्दी असह्य झाली म्हणून डोळे मिटून घेण्याची सोयहि त्या बिचाऱ्यास नाहीं!

वानर चिडलें तर दांत विचकतें. वाघ येरझारा घालतो. त्यांचा त्रागा आपणांस दिसतो. साप, कासव, बेडूक हे मात्र भ्याले कीं बहुधा थिजतात, लपतात, प्रसंगीं अन्नहि टाकतात. पावसाळ्यांत डबक्याकाठीं आपलें पाऊल वाजतांच बेडकांचें गान थांबतें, हें कोणीं अनुभवलें नाहीं? सर्वच प्राणी सारखे बिथरतात असें नव्हे. आडोसा मिळाला तर कांहीं माणसांस सरावतातहि. परंतु आपण त्यांच्या स्तब्धतेस जडपणा समजतों आणि ‘हलतो का पाहूं’ म्हणून खडा उचलतों. ट्युनिस येथील प्राणिसंग्रहालयांत २०१७ सालीं प्रेक्षकांनीं दगड मारून एक मगर ठार केली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें प्राणिसंग्रहालयांतील प्राण्यांस चिडविणें, खाऊ घालणें किंवा गोंगाट करून त्रास देणें निषिद्ध आहे. पण कायदा दारावरच्या पाटीवर राहतो; संयम घरांतूनच न्यावा लागतो.

पुढें आम्ही पुन्हा तेथें गेलों. नातवानें माझी काठी आपल्या हातीं घेतली. आम्ही काचेपासून चार पावलें दूर, न बोलतां उभे राहिलों. बऱ्याच वेळानें नागानें डोकें उचललें, जीभ दोनदां लवलविली आणि सावकाश पाण्याच्या भांड्याकडे निघाला. “आजोबा, जिवंत आहे,” नातू कुजबुजला.

माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी हें वाचीत असेल, तर त्यानें वहींतील नगाऱ्याचें तें वाक्य खोडून टाकावें.